सदतीस, सदुसष्ट

सावद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांचे आकडे तोंडात धरून बसले.
गिळायचे नाहीत, थुंकायचे नाहीत,
गोळी धरावी जिभेखाली, तसे,
प्लग भोकात जाईपर्यंत.

'एकशे चौदा द्या व बाई.'
एकशेचौदा एकशेचौदा एकशेचौदा
ओठ हलतायत तोवर आकडा जिवंत.
मध्येच कुणी विचारलं, चहात साखर किती,
की संपलं.
एकशे चौदाच्या जागी दोन चमचे.

लिहून घ्यायचा नियम होता.
पण केळीच्या हंगामात दुपारी तीन ते पाच
दिल्लीचे, कानपूरचे ट्रंक कॉल असे कोसळायचे
की पेन्सिल शोधायला हात मोकळा नसे.
मग कान हीच वही.
आणि कानाला अर्थ कळत नाही,
त्याला फक्त आवाजाचा आकार कळतो.
सात आणि साठ त्याला सख्खे भाऊ,
आठ आणि नऊ भिंतीला भिंत लागून
जन्मभर अनोळखी.

चैत्रातला मंगळवार होता.
स्टेशनातून मालबाबू बोलला,
'सदतीस लावा लवकर, उद्याची रेक रद्द झाली,
घड कापू नका म्हणावं.'
शेजारच्या बोर्डावर सिंधू नेहेते हसत होती कशाला तरी.
सदतीस सदतीस सदुसष्ट सदुसष्ट
नेमकं कुठे वळलं ते मला अजून सापडत नाही.
तेलाच्या घाण्यावरच्या पोरानं फोन उचलला,
सगळं ऐकून 'बरं' म्हणाला,
ठेवला.

सदतीस म्हणजे वामन फेगडे.
त्यांच्या मळ्यात रात्रभर विळे चालले.
दोन दिवस धक्क्यावर पडलेले घड
पानांखाली पिवळे होत गेले, मग काळे.
स्टेशन गावाबाहेर, लांब, वारा उलटा,
तरी तो वास बोर्डापर्यंत आला होता
असं मला आठवतं.

लाखभर आकडे गेले त्या तोंडातून.
एकही उरला नाही. उरायला ते आलेच नव्हते.
उरलं ते दुसऱ्याच दारानं आत शिरलेलं:
रात्री दोनला भुसावळच्या दवाखान्यातून आलेला कॉल.
कुठला नंबर जोडून दिला, विचारू नका.
पण पलीकडची बाई 'हं' एवढंच म्हणाली
आणि रिसीव्हर इतका हळू ठेवला तिनं
जसं घरात कुणी झोपलंय.
ती आई होती की आत्या?
आताशा माझे घोळ असे होतात.
सात-साठचे नाहीत.
आत्याची आई होते, साखरपुड्याचं लग्न,
गेलेला काका कधी कधी मामा होऊन जातो.

परवा फैजपूरच्या बाजारात फेगडे दिसले,
भरताची वांगी हातात घेऊन देठ तपासत.
एक्स्चेंजवाली म्हणून ओळख सांगितली, दोनदा, मोठ्यानं.
आणि मीच काढला विषय, त्या कापलेल्या केळींचा.
'हो नं माय,' म्हणाले,
'त्या सालले गारांनी गेली व केयी.
एवढाल्या गारा!'
आणि हातातलं वांगं दाखवलं.

गार पडली नव्हती.
आभाळ धुतलेल्या पाटीसारखं कोरं होतं.
नुकसान होतं तसं ठेवून
त्यांच्या मनानं त्याला साजेसं कारण शोधून आणलं होतं,
आणि त्या कारणात मी नव्हते.

सांगावं, असं ओठापर्यंत आलं.
निसटू नये म्हणून आतल्या आत घोकत राहिले,
सदतीस, सदतीस, सदतीस,
ते वाकून पिशवीचं तोंड उघडेपर्यंत.
तेवढ्यात वांगीवालीनं विचारलं,
'तुमाले किती देऊ, बाई?'

'अर्धा किलो,' मी म्हणाले.